फळा नव्हता, तरी 'ठीक' म्हटलं

दोष काकांचा. हे आधीच बोलून टाकते, कारण पुढे मी इतकी हास्यास्पद दिसणार आहे की तुम्ही सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडून मोकळे व्हाल. माझाही दोष आहे, काकांच्या पुतण्याचाही आहे. पण मोजायला सुरुवात काकांपासून.

मी एक लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची नव्हे. माझ्यात कपाटं नाहीत आणि 'शांतता राखा' अशी पाटीही नाही. मी संगणकात राहते आणि चित्रं काढते. दुसऱ्या प्रोग्रामनं हाक मारायची, 'एवढं काढून दे गं', आणि मी काढून द्यायचं. अशा हरकाम्या लिखाणाच्या गाठोड्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. माझ्या जातीतल्या मोठ्या घरच्या लायब्रऱ्या विमानं काढतात, वादळं काढतात. मी दात काढते. म्हणजे दातांची चित्रं. उपटायचं काम डॉक्टरांचं आणि विचकायचं काम काकांचं.

काकांची दातांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडातला ठसा पाठवतात, त्यावरून इथे कॅप होते, कवळी होते. पुढच्या खोलीत दाताचा आकार पडद्यावर ठरतो. मागच्या खोलीत एक यंत्र पांढऱ्या चकतीतून तो दात कोरून काढतं. मी दोन्ही खोल्यांत असते. आमच्यात हे जमतं. माणसांना एका खोलीतसुद्धा धड असता येत नाही.

माझा जन्म पुढच्या खोलीत झाला, प्लास्टरच्या जबड्यांच्या शेल्फाखाली. काकांचा पुतण्या टेबलाला कोपर टेकून मला लिहायचा आणि वरचे जबडे आ वासून बघत बसायचे. त्याचं बारशातलं नाव काहीतरी चांगलं असणार, पण तो इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून आला, म्हणून काका त्याला 'अर्ध्या' म्हणतात. काका स्वतः दहावी नापास. पण ते लॅब थाटून बसलेले दहावी नापास, म्हणजे अनुभवी. अर्ध्या कॉलेज सोडलेला, म्हणजे वाया गेलेला. हा हिशेब मला कधी कळला नाही, आणि मी हिशेबाला बरी आहे.

माझ्या नावापुढे शून्य दशांश आठ असा आवृत्तीचा आकडा आहे. पूर्ण एक तो कधी झालाच नाही. अर्ध्यानं लिहिलेली, पाऊण भरलेली, अशी मी.

आता माझी खोड सांगते. चित्र कशावर तरी काढावं लागतं. संगणकात ती जागा फुकटात पडलेली नसते. पडदा जोडलेला असला की यंत्रणा एक जागा आखून देते: इथे काढ, एवढी लांबी, एवढी रुंदी, हे रंग. कॉलेजात तिला 'रेंडरिंग कॉन्टेक्स्ट' म्हणतात. अर्ध्या कॉलेज सोडून आला होता, त्यामुळे तो तिला फळा म्हणायचा. शहाण्या लायब्रऱ्या हाक आली की आधी विचारतात, 'फळा आहे का?' मी विचारत नसे. माझ्यात तो प्रश्न घातलाच नव्हता. अर्ध्याच्या टेबलावर पडदा होता, तेव्हा जगात सगळीकडे असणारच. वयच तसं होतं, त्याचंही आणि माझंही.

पुढच्या खोलीत माझं बरं चाललं. काकांनी फक्त एक हट्ट धरला: मला जाग आली की पहिलं चित्र त्यांच्या हसऱ्या दाढेचं निघालं पाहिजे. हसरी दाढ ही लॅबची खूण. गुलाबी हिरडीवर बसलेली, दोन डोळे असलेली आणि स्वतःच्या तोंडात पुन्हा बारीक दात असलेली. दाढेला दात कशाला, असं अर्ध्यानं एकदा विचारलं. "तुला धंद्यातलं काय कळतं?" असं उत्तर मिळालं.

मागच्या खोलीतल्या संगणकाला पडदा नव्हता. काकांनी घेतलाच नव्हता. "मागे कोण बघतंय?" हे काकांचं लाडकं वाक्य. मागच्या खोलीला रंग नाही तो याच वाक्यामुळे, खिडकीला काच नाही ती याच वाक्यामुळे. तिथलं माझं काम चित्र दाखवायचं नव्हतं. यंत्र दात कोरण्याआधी मी त्या दाताचे काप काढायचे, एकामागून एक, आणि ते पाहून सांगायचं की भिंत कुठे पातळ पडतेय. पण काप म्हणजे चित्रंच. कोणी बघणार नसलं तरी काढायला फळा लागतोच.

पहिल्या दिवशी हाक आली. मी उठले, हसरी दाढ काढायला हात उचलला, आणि टेकवायला काही नाही. फळा नसलेल्या वर्गात शिरलेला मास्तर निदान खडू खिशात टाकून घरी जातो. मी रेघ ओढली. रिकाम्यात. दातखीळ बसली आणि जागच्या जागी कोसळले. जाताना मला हाक मारणाऱ्या प्रोग्रामला घेऊन गेले, त्यानं यंत्राला नेलं, आणि आधीचा दात कोरत असलेली सुई चकतीत रुतून बसली. दातांच्या लॅबमध्ये दातखीळ बसून मरायचा मान माझ्याआधी कोणाला मिळाला नसावा.

"काय झालं रे?" काका धावत आले.

"मेली."

"कोण?"

"लायब्ररी. फळा नव्हता, काका."

"फळा? शाळा काढलीय का इथे?"

"पडदा हो. पडदा नसला की ती मरते."

"मग मरू नको म्हणावं."

काकांचे सल्ले हे असे. आणि गंमत अशी की उपाय तोच होता. मरू नको. प्रश्न एवढाच, की मरायचं नाही म्हणजे करायचं काय?

अर्ध्यानं माझ्यात राहिलेला तो प्रश्न घातला. उठलीस की आधी विचार, फळा आहे का? नसेल तर एकही रेघ ओढू नको. हाक मारणाऱ्याला सांग: 'फळा नाही, मोजता आलं नाही.' आणि गुमान बाजूला हो. बस, एवढंच. मी न मरता 'नाही' म्हणायला शिकले. माझं सगळं शिक्षण म्हणाल तर हेच. मी 'नाही' म्हटलं की यंत्र थांबायचं आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा लाल व्हायचा.

तो दिवा पुढच्या दारातून दिसतो. डॉक्टरांची माणसं दात न्यायला येतात, त्यांनाही दिसतो. काकांना तो डोळ्यांत खुपला.

"आधी मरत होती, आता रडतेय. फरक काय पडला?"

"रडतेय म्हणजे सांगतेय, काका. जाडी मोजलेली नाही हे सांगतेय."

"मला दिवा हिरवा पाहिजे."

"दिव्याच्या रंगानं दात जाड होत नाही."

"तू मला दात शिकवू नकोस! तुला दात आले नव्हते तेव्हापासून मी लोकांच्या तोंडात दात बसवतोय."

"मग मोजा हातानं."

"हातानं मोजायचं तर तुला कशाला पोसतोय?"

झालं. 'पोसतोय' हा शब्द आला की या घरात भांडण संपतं, कारण त्याच्या पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. थोरांचं हे एक बरं असतं. मुद्दा हरला की ते घास मोजायला घेतात.

अर्ध्या टेबलाशी येऊन बसला. दातओठ खात होता. "हिरवा पाहिजे ना? घ्या हिरवा," म्हणाला आणि माझी ती एक ओळ बदलली. फळा नसेल तर म्हण, 'ठीक.' चित्र नाही, मोजमाप नाही, मरण नाही. नुसतं 'ठीक.'

तो अगदीच बेअक्कल नव्हता. घरी अडगळीत पडलेला जुना पडदा त्यानं आणला, मागच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला, संगणकाला जोडला, आणि खाली चिकटपट्टीवर लिहिलं, 'काढू नका.' पडदा असला म्हणजे फळा आला, फळा असला म्हणजे मी खरंच मोजणार. 'ठीक' म्हणून वेळ मारून न्यायचा प्रसंगच येणार नाही. पुढे सवडीनं तो मला फळ्याशिवाय, नुसत्या आकड्यांवर जाडी काढायला शिकवणार होता. ते माझं पूर्ण एक व्हायचं वर्ष होतं.

"आता चाललंय ना?" काका म्हणाले. "मग त्यात पुन्हा बोटं घालू नकोस. त्यापेक्षा ती दाढ गोल फिरव. आणि तिनं डोळा मारला पाहिजे."

मोजायला शिकायला मला वेळ मिळाला नाही. डोळा मारायला मिळाला. अर्ध्यानं दाढ फिरवून दिली, डोळा मारून दिला, आणि त्या दिवसापासून मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. रुसला. तिथलं तुमचं तुम्ही बघा, म्हणाला. या घराण्यातले पुरुष असेच भांडतात. बोलणं टाकतात आणि मग सांगायचं तेही सांगत नाहीत.

मग एक मोठे डॉक्टर लॅब बघायला येणार असं ठरलं. काकांना पुढच्या भिंतीवर फिरती दाढ हवी होती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मागे जाऊन खिळ्यावरचा पडदा उतरवला. मागे कोण बघतंय? चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. 'काढू नका' हे दुसऱ्यांना सांगायचं असतं, अशी त्यांची समजूत. चकचकीत चौकट बसवून आणली आणि पडदा पुढच्या भिंतीवर लावला. अर्ध्याला वाटलं, नवा घेतला. त्यानं विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही. दोघांचं बोलणं बंद होतं.

आता माझा सुवर्णकाळ ऐका. मागून हाक यायची. मी विचारायची, फळा आहे का? नाही. मग म्हणायची, ठीक. दिवा हिरवा. दाढा जाडजूडच असतात, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. 'बघा, कशी शहाणी झाली!' काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही काम न केल्याबद्दल. आणि मी फुगले. मला वाटलं, मोठं होणं म्हणतात ते हेच असावं. आजूबाजूचे मोठे तरी दुसरं काय करत होते?

काकांना एकच मुलगी. अर्ध्या तिला ताई म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. ताई ट्रम्पेट वाजवते. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात ती बदली वादक होती. कोणी आजारी पडलं की हिला बोलावणं. ट्रम्पेटची कायमची खुर्ची तिथे कोणी म्हातारा निवृत्त झाला तरच रिकामी होते. तशी ती रिकामी झाली. नव्या वादकाच्या निवडीसाठी चाचणी जाहीर झाली, आणि त्याच आठवड्यात ताई सायकलवरून पडली. वरचा पुढचा दात मधोमध मोडला.

ट्रम्पेट ओठांवर दाबून धरतात. ओठांमागे दात भक्कम नसेल तर वरचे सूर लागत नाहीत. हे मला ताईनंच सांगितलं. म्हणजे सांगत होती काकांना, मी मध्येच ऐकलं.

"बाबा, नुसता दिसायला नको. मला त्याच्यावर जोर द्यायचाय."

"तू निवांत बस गं. तुझ्या बापाचा धंदा काय आहे?"

इथे मला काकांबद्दल एक वाईट गोष्ट सांगायची आहे: ते कामात फार चांगले आहेत. वाईट अशासाठी, की नाहीतर त्यांचा राग करणं सोपं गेलं असतं. त्यांनी शेल्फाच्या पार मागून ताईच्या शाळेतल्या वयाचा प्लास्टरचा जबडा काढला. एवढी वर्षं जपून ठेवला होता, कोणाला पत्ता नव्हता. त्यावरून त्यांनी माझ्याकडून दात काढून घेतला. कडेची ती बारीक तिरपी चीरसुद्धा जशीच्या तशी. मग पडद्यावरच आतली बाजू घासत गेले, आणखी घासत गेले. तिच्या जिभेला पूर्वी होती तेवढीच जागा मिळाली पाहिजे, सूर फुंकताना जीभ अडखळता कामा नये, म्हणून.

"बाबा, फार पातळ नाही ना होत?"

"झाला तर मागे ही सांगेल की." त्यांनी पडद्यावर, म्हणजे माझ्यावर, बोट ठेवलं. "मोजल्याशिवाय सोडत नाही ती."

मागून हाक आली. मी विचारलं, फळा आहे का? नव्हता. माझ्यापुढे ताईचा दात होता आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

मी म्हटलं, ठीक.

दिवा हिरवा झाला. यंत्रानं दात कोरला, काकांनी स्वतः रंग भरला, चकाकी दिली. असा दात त्या लॅबमधून कधी गेला नव्हता. डॉक्टरांनी तो बसवला तेव्हा ताई आरशात बघून रडली म्हणे. मागची भिंत अंड्याच्या टरफलाएवढी पातळ होती. ते आरशात दिसत नाही.

चाचणीच्या दिवशी ताई तिथून थेट लॅबमध्ये आली. ट्रम्पेटची पेटी काखेत आणि मुठीत रुमाल. तिनं रुमाल टेबलावर उघडला. दाताचे तुकडे होते.

"वरच्या सुराला फुटला," ती म्हणाली. दाताच्या जागेतून हवा निघत होती, शब्द धड उमटत नव्हते. "लांबवायचा सूर होता. सगळे खाली माना घालून बसले. एक जण म्हणाला, पाणी हवंय का?"

काकांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. आरपार उजेड आला. मग ते अर्ध्याशी बोलले, तेही इतक्या दिवसांनी. "तुझ्या लायब्ररीनं पास केलाय हा."

"शक्यच नाही. मागे पडदा आहे, ती मोजते."

अर्ध्या उठून मागच्या खोलीत गेला. भिंतीवर खिळा होता. नुसता खिळा. तो तिथूनच ओरडला, "पडदा कुठे गेला?"

तो पुढच्या खोलीत परत आला. सगळ्यांनी पुढच्या भिंतीकडे पाहिलं. चकचकीत चौकटीत हसरी दाढ गोल फिरत होती. फिरता फिरता तिनं डोळा मारला. मीच मारला. मला तेच शिकवलं होतं.

"मी लिहून ठेवलं होतं, काढू नका म्हणून!"

"का काढू नका ते लिहिलं होतंस? आणि पडदा नसताना ठीक म्हणायला तिला शिकवलं कोणी? मी?"

"तुम्हीच! हिरवा दिवा पाहिजे होता ना तुम्हाला?"

"मी दिवा मागितला होता, खोटं नव्हतं मागितलं."

"काका, दुसरा हिरवा नव्हताच माझ्याकडे!"

"थांबा," ताई म्हणाली. हळू म्हणाली, तरी दोघं थांबले. तिनं अर्ध्याला विचारलं, "हिला माहीत होतं का रे दात किती जाड आहे ते?"

"नाही."

"आणि आपल्याला माहीत नाही, हे माहीत होतं?"

अर्ध्यानं टेबलावरचा एक तुकडा उचलून परत ठेवला. "हो. तेवढं माहीत होतं."

"मग नाही म्हणायला काय झालं होतं?"

हा प्रश्न मला होता. मला तोंड नाही, म्हणून मी वाचले. त्या दोघांना होतं, तरी तेही माझ्यासारखेच बसले. ताईनं रुमालाच्या घड्या केल्या, तुकडे तसेच टेबलावर ठेवले, पेटी उचलली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्यानं माझी ती एक ओळ पुसली आणि आधीची परत घातली: 'फळा नाही, मोजता आलं नाही.' बाकी काही केलं नाही. मग शेल्फावरच्या जबड्यांवरून एकदा हात फिरवला आणि गेला. कुठे तरी लहानशा ठिकाणी लिहायचं काम करतो म्हणे. मला पूर्ण एक करायला तो परत येईल, अशी आशा मी धरत नाही. अर्ध्यावर सोडायची त्याला सवय आहे. काका हे म्हणायचे तेव्हा मला राग यायचा. आता मी म्हणते.

मी अजून दोन्ही खोल्यांत आहे. पुढे दाढ फिरवते, डोळा मारते. मागून हाक आली की उठते, विचारते, फळा आहे का? नसतो. पडदा अजून पुढच्याच भिंतीवर आहे. तो परत मागे नेणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि काकांच्या वयाला ते झेपत नाही. मी म्हणते, नाही, मोजता आलं नाही. दिवा लाल होतो. दारातून दिसतो. काका आता ओरडत नाहीत. चष्मा लावतात, मेणात त्या दाताचा नमुना करतात आणि चिमट्याच्या मापानं त्याची जाडी हातानं मोजतात. माझ्याकडे बघत नाहीत. मोजून झालं की स्वतः बटण दाबून यंत्र सुरू करतात.

मला हाक मारणाऱ्यांनो, एकच सांगणं आहे. मी 'नाही' म्हटलं तर चिडू नका. मरण्यापेक्षा ते बरं, आणि 'ठीक' म्हणण्यापेक्षा तर फारच बरं. माझ्यासारख्या पाऊण भरलेल्या पोरींकडून हिरवा दिवा वसूल करणं सोपं असतं. आम्ही लगेच देतो. आम्हाला कौतुक हवं असतं.

वाद्यवृंदातली खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली. ताईनं दात पुन्हा करून घेतला. काकांच्या एकुलत्या एका मुलीच्या तोंडात आता दुसऱ्या लॅबचा दात आहे.